मका : पोषक किती, अपायकारक किती?

आषाढ-श्रावणात भंडारदऱ्याच्या वाटेवर ठिकठिकाणी शेगड्या पेटतात. निखाऱ्यावर भाजलेले, तिखट-मीठ आणि लिंबू चोळलेले मक्याचे कणीस न खाता परतणारा पर्यटक विरळाच. याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, कोपरगाव, राहाता, श्रीरामपूरच्या कालव्याखालील पट्ट्यात, मक्याचे हिरवे पीक कापून त्याची कुट्टी केली जाते आणि मुरघास म्हणून ती दुभत्या जनावरांच्या पुढ्यात पडते. २०२४ मध्ये अहिल्यानगर असे नामांतर झालेल्या या जिल्ह्यात भाकरी मात्र आजही बाजरीची किंवा ज्वारीचीच. मक्याकडे येथे चवीचा खाऊ म्हणूनच पाहिले गेले. अलीकडे न्याहरीला कॉर्नफ्लेक्स, मुलांच्या डब्यात उकडलेले दाणे आणि चित्रपटगृहात लाह्या अशा वाटांनी तो शहरी आहारात शिरला आहे. त्यामुळे तो खावा का, कोणी आणि किती खावा, असे प्रश्न वारंवार विचारले जातात.

प्रथम त्यातील घटक पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम वाळलेल्या मक्यातून सुमारे ३३४ किलोकॅलरी ऊर्जा, ८.८ ग्रॅम प्रथिने आणि १२ ग्रॅमहून थोडे अधिक तंतुमय पदार्थ मिळतात. बाजरीत प्रथिने सुमारे ११ ग्रॅम आहेत. लोहाचे प्रमाण मक्यात सुमारे २.५ मिलिग्रॅम, ज्वारीत ४ च्या आसपास, तर बाजरीत ६.४ मिलिग्रॅम आहे. कॅल्शियमच्या बाबतीतही मका या दोघींच्या मागेच राहतो. म्हणजे भाकरी सोडून मक्याकडे वळण्यात पोषणाच्या दृष्टीने नगरकरांचा लाभ नाही, तोटाच आहे. भाकरीच्या जोडीला, अधूनमधून खाण्यासाठी मात्र मका उत्तम धान्य आहे.

त्याचे गुण आहेतच. पिवळ्या मक्याला रंग देणारी ल्युटीन आणि झियाझँथिन ही द्रव्ये डोळ्यांच्या पडद्याच्या मध्यभागीही आढळतात व तेथे संरक्षक कार्य करतात. पांढऱ्या मक्यात ती जवळजवळ नसतात. मक्यात ग्लुटेन नसल्याने गहू न चालणाऱ्या सिलिअ‍ॅकच्या रुग्णांना त्याचा मोठा आधार असतो. तंतुमय भाग भरपूर असल्याने बद्धकोष्ठतेवर उपयोग होतो. शिजवल्याने सत्त्व जाते, ही समजूतही पूर्णतः खरी नाही. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवून दिले, की स्वीट कॉर्न शिजवल्यावर त्यातील ‘क’ जीवनसत्त्व घटते, परंतु ऑक्सिडीकरणास रोखणाऱ्या द्रव्यांचा एकंदर प्रभाव वाढतो.

मधुमेहींनी मका वर्ज्य करावा काय? येथे कणीस आणि कारखान्यातून आलेला पदार्थ यांत फरक करावा लागेल. कोवळ्या स्वीट कॉर्नमध्ये तीन चतुर्थांश पाणी असते आणि रक्तातील साखर वाढविण्याचा त्याचा निर्देशांक सुमारे ५२, म्हणजे कमी ते मध्यम आहे. कॉर्नफ्लेक्सचा निर्देशांक मात्र ८० च्या घरात जातो. तंतुमय साल आणि कोंब काढून, शिजवून, लाटून, भाजून केलेला हा पदार्थ आरोग्यदायी न्याहरी म्हणून खपतो, याचे नवल वाटते. बाजारात मिळणारे ‘कॉर्नफ्लोअर’ हे मक्याचे पीठही नव्हे. तो निव्वळ स्टार्च आहे. संपूर्ण दाण्याचे पीठ गिरणीतून थोडेथोडेच दळून आणावे. कोंबातील तेलामुळे बाजरीच्या पिठाप्रमाणेच तेही लवकर कडवट होते.

केवळ मक्यावर जगणाऱ्यांचे काय झाले?

मक्याचा खरा दोष त्याच्यावरच विसंबून राहणाऱ्यांना भोवला. त्याच्या प्रथिनांत लायसिन आणि ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्ले कमी असतात, आणि नियासिन हे जीवनसत्त्व असले तरी शरीराला सहजासहजी घेता येणार नाही अशा बद्ध स्वरूपात असते. मेक्सिकोतील मूळ रहिवासी मका चुनखडीच्या पाण्यात शिजवून मगच दळत; त्यामुळे नियासिन मोकळे होई. कोलंबसानंतर मका युरोपात गेला, पण ही रीत त्याच्याबरोबर गेली नाही. १७३५ मध्ये स्पेनमध्ये गास्पार कासाल या वैद्याने मक्यावर गुजराण करणाऱ्या गरिबांतील एका विकाराचे वर्णन केले. तोच पुढे ‘पेलाग्रा’ म्हणून ओळखला गेला. उन्हाने त्वचा काळवंडून सोलणे, अतिसार आणि अखेरीस बुद्धिभ्रंश ही त्याची लक्षणे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेच्या दक्षिण भागात त्याने सुमारे एक लाख बळी घेतले. हा संसर्ग नसून आहारातील उणीव आहे, हे डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासूनच्या प्रयोगांतून सिद्ध केले. नियासिन हे औषध सापडायला १९३७ साल उजाडले.

हा विकार दख्खनलाही अपरिचित नव्हता. हैदराबादेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो ज्वारीवर जगणाऱ्या गरीब मजुरांत आढळला. ज्वारीतील ल्युसिन या अमिनो आम्लाच्या आधिक्याशी त्यांनी १९६० मध्ये त्याचा संबंध जोडला. त्या मीमांसेवर पुढे मतभेद झाले. एकाच धान्यावर दिवस काढण्याची वेळ आलेल्यांनाच तो जडतो, याविषयी मात्र दुमत नाही. डाळ, दूध, शेंगदाणे ज्याच्या जेवणात आहेत त्याने पेलाग्राची भीती बाळगण्याचे कारण नाही. लायसिनची उणीव भरून काढणारे मक्याचे वाणही पैदासकारांनी तयार केले. त्याबद्दल डॉ. सुरिंदर वासल आणि डॉ. एव्हान्जेलिना व्हिलेगास यांना २००० चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

बुरशीचा धोका

आजच्या घडीला अधिक लक्ष द्यायला हवे ते बुरशीकडे. १९७४ च्या पावसाळ्याच्या अखेरीस गुजरातमधील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा या आदिवासीबहुल जिल्ह्यांत कावीळ आणि पोटात पाणी होण्याची साथ उसळली. ३९७ जण आजारी पडले, त्यांपैकी १०६ दगावले. घरातील कुत्रीही मेली. अवेळी पावसात भिजलेला आणि तसाच साठवलेला मका या कुटुंबांचे मुख्य अन्न होता. त्यावर वाढलेल्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृतावर घाला घालत होते, असा निष्कर्ष राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी काढला. हे विष दीर्घकाळ अल्प प्रमाणात पोटात गेल्यास यकृताचा कर्करोग संभवतो. भाजल्याने वा उकळल्याने ते पुरते नष्ट होत नाही.

खरिपाचा मका आपल्याकडेही परतीच्या पावसातच काढणीला येतो. दाण्यातील ओलावा १२ ते १४ टक्क्यांपर्यंत उतरण्याआधीच पोती भरली, की बुरशीला आयते घर मिळते. काळपट, हिरवट, कुबट वासाचे दाणे निवडून फेकणे हाच ग्राहकाच्या हातातील उपाय. ते दळून किंवा जनावरांना घालून ‘वाया न घालवणे’ महागात पडते.

जनावरांचा उल्लेख सहेतुक आहे. गायीने बुरशीयुक्त खुराक खाल्ल्यास त्या विषाचा काही अंश एम-१ या रूपात एक-दोन दिवसांत दुधात उतरतो आणि दूध तापवल्याने जात नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या देशव्यापी दूध पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ मध्ये, म्हणजे ५.७ टक्क्यांत, एम-१ चे प्रमाण मर्यादेहून अधिक आढळले. दोष एकट्या मक्याचा नाही. सरकी आणि शेंगदाण्याची पेंडही तितकीच जबाबदार असते. नीट दाबून हवाबंद केलेला मुरघास सहसा सुरक्षित राहतो. कागद फाटून हवा शिरली की वरचा थर बुरशीतो, तो थर काढून टाकावा लागतो. दूषित खुराक बंद केल्यावर काही दिवसांत दूध पुन्हा स्वच्छ होते. दुधाचा जिल्हा म्हणविणाऱ्या नगरला ही बाब दुर्लक्षून चालणार नाही.

आता काही किरकोळ शंका. कणीस खाल्ल्यावर पाणी प्यायल्यास पोट बिघडते, या समजुतीला ठोस आधार नाही. पोट फुगते ते घाईने, न चावता गिळल्यामुळे. दाण्याची साल पचत नाही आणि ती शौचातून तशीच बाहेर पडते, त्यात भिण्यासारखे काही नाही. आतड्याचे जुने विकार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच मका खावा. कणसाच्या शेंड्यावरील केसांचा काढा मुतखड्यावर सांगितला जातो. त्याच्या भरवशावर उपचार लांबवू नयेत. चार वर्षांखालील मुलांना लाह्या देऊ नयेत, त्या श्वासनलिकेत अडकतात. आणि लोणी, मीठ व चीज घालून कपात मिळणारे गरम दाणे खाताना रक्तदाबाच्या रुग्णांनी दाण्यांपेक्षा त्या मिठाचा हिशेब ठेवावा.