निळूभाऊंचे ‘वाया गेलेले’ चित्रपट

निळू फुले यांच्याविषयी जाणकारांमध्ये एक मत आता सिद्धान्तासारखं रुळलं आहे. ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ हे दोन चित्रपट आणि रंगभूमीवरचा ‘सखाराम बाइंडर’, एवढंच त्यांचं खरं काम. बाकीचे पाटील आणि सरपंच म्हणजे पोटापाण्यासाठी लावलेली हजेरी. एवढा मोठा नट तमाशापटांनी वाया घालवला, अशी हळहळही त्यासोबत येते. हे मत निळूभाऊंवरच्या प्रेमापोटी आलं आहे, हे मला मान्य आहे. मत मात्र मान्य नाही.

आधी पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे. निळूभाऊंच्या चित्रपटांच्या यादीत सुमार चित्रपट भरपूर आहेत. तोच वाडा, तीच बैठकीची लावणी, तोच अडल्यानडल्याच्या बायकोवर डोळा. पुष्कळ ठिकाणी पटकथेने त्यांच्यासाठी काही राखलेलंच नव्हतं. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे बाईची विटंबना या चित्रपटांनी तिकीटबारीवर विकली. त्याचं समर्थन मी करणार नाही. कुणी करूही नये.

पण एवढं मान्य करूनही ‘वाया गेला’ हा निष्कर्ष निघत नाही. तो काढणारे दोन हिशेब एकाच वहीत लिहितात. चित्रपट सुमार असणं हा एक हिशेब, नटाचं काम सुमार असणं हा दुसरा. पहिल्याचा तोटा दुसऱ्याच्या नावावर टाकला की निकाल आधीच ठरतो.

मी हट्ट्याचा. वसमत तालुक्यातलं हे गाव आज हिंगोली जिल्ह्यात आहे; माझ्या लहानपणी ते परभणी जिल्ह्यात होतं. दूरदर्शनवर मराठी चित्रपट लागला की आम्ही एकाच टीव्हीपुढे दाटीवाटीने बसायचो. वजनदार मंडळी खुर्च्यांवर, पोरंबाळं आणि बाया खाली जमिनीवर. असाच एकदा निळूभाऊंचा पाटील पडद्यावर आला. आवाज चढवलेला नाही, हातवारे नाहीत. मान जराशी तिरकी, अर्धवट मिटलेले डोळे, घोगऱ्या आवाजात सावकाश ओढत काढलेला एकेक शब्द. शेजारी बसलेली माझी आत्या पुटपुटली, “ह्ये तर आपल्याच गावचं दिसतंय की माय!” पडद्यावरची बोली पश्चिम महाराष्ट्राची, आमची मराठवाड्याची. तरीही तिने माणूस ओळखला. चित्रपटाचं नाव आज मला आठवत नाही, इतका तो सामान्य होता. आत्याची ओळख सामान्य नव्हती.

ही ओळख कुठून आली? वंशपरंपरेची पाटीलकी 1962 च्या कायद्याने रद्द झाली. त्याच वर्षी 1 मे रोजी राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. पद गेलं, पण दरारा राहिला. वाड्यातली सत्ता ग्रामपंचायतीत, सोसायटीत आणि पुढे साखर कारखान्यात जाऊन बसली. या स्थित्यंतराचा चेहरा मराठी पडद्यावर कुणी दाखवला असेल, तर तो निळूभाऊंनी. 1968 च्या ‘एक गाव बारा भानगडी’तला बेरकी झेलेअण्णा, नंतरचे अनेक पाटील आणि सरपंच, आणि 1975 च्या बर्लिन महोत्सवात गेलेल्या ‘सामना’तला हिंदुराव धोंडे पाटील ही सगळी एकाच गावगाड्याची माणसं आहेत.

‘सामना’तला हिंदुराव पाहा. रस्त्यावरच्या दारुड्या मास्तराला तो वाड्यावर आणतो, त्याची बडदास्त ठेवतो. या माणसाला ओरडावं लागत नाही, कारण त्याचं ऐकलं जाणार याची त्याला खात्री असते. ही खात्री पटकथाकार विजय तेंडुलकरांच्या संहितेत आहेच. पण ऐसपैस बसणं, थांबून बोलण्याची लकब, समोरच्याला जोखणारी नजर निळूभाऊंनी ‘सामना’च्या सेटवर शोधली नाही. ‘कथा अकलेच्या कांद्याची’सारख्या लोकनाट्यांत आणि ज्यांना आपण भरताड म्हणतो त्या चित्रपटांत ती घोटली गेली होती. गवई मैफलीत जो राग उभा करतो, त्यामागे कुणी न ऐकलेला रियाज असतो. निळूभाऊंचा रियाज लोकांसमोर झाला, एवढाच फरक.

‘एकसुरी’ हा दुसरा आक्षेप. जो एकच सूर जाणतो, त्याला ‘सिंहासन’मधला दिगू टिपणीस जमला नसता. तो पत्रकार सत्तेचा खेळ बाहेरून बघतो आणि शेवटी त्याचं भान सुटतं. महेश भटच्या ‘सारांश’मधला राजकारणी आणि जयवंत दळवींच्या ‘सूर्यास्त’ नाटकातला वृद्ध स्वातंत्र्यसैनिक ही दोन टोकंही एकाच नटाने सांभाळली. पुण्यात माळीकाम केलेल्या, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडलेल्या या माणसाला गावातली सत्ता खालून कशी दिसते हे ठाऊक होतं. पडद्यावर त्यांनी ती वरून साकारली. पाटलाला त्यांनी कधी राक्षस केलं नाही, ओळखीचा माणूस केलं, म्हणूनच त्याची भीती वाटली.

त्यामुळे माझा निवाडा असा. निळूभाऊंचं काम उंचसखल आहे, पण ते तुटक नाही. शिखरं तेवढी वेगळी काढली, तर ती कशावर उभी आहेत हे कळणार नाही. 13 जुलै 2009 रोजी ते गेले. त्यांच्या स्मृतीसाठी महोत्सव भरवणाऱ्यांना माझी विनंती आहे: ‘सामना’ जरूर दाखवा, पण आदल्या दिवशी ‘एक गाव बारा भानगडी’ दाखवा. झेलेअण्णाला भेटल्याशिवाय हिंदुराव पुरता कळत नाही.