रिता ठेवावयाचा तलाव

मुंबईची गर्दी खाडीपलीकडे न्यावी म्हणून १९७० सालीं सिडको ही संस्था निघाली. वाशी, नेरूळ, बेलापूर या बाजूचा किनारा पुष्कळसा खाजणाचा. मोठ्या भरतीचें पाणी तेथील जमिनीहून उंच चढे. सारी जमीन भरावानें उंचवावी, तर खर्चास अंत नाहीं. तेव्हां योजकांनीं डच लोकांची रीत उचलली. खाडीच्या अंगास बांध घातले आणि बांधाच्या आंत धारण-तलाव खोदले.

या तलावांची करामत त्यांच्या दारांत आहे. वरून बिजागरीवर लोंबणारीं हीं दारें भरती चढली कीं तिच्याच दाबानें मिटतात. ओहोटी लागली कीं आंतलें पाणी तीं ढकलून खाडींत जातें. मधल्या कांहीं तासांत पारसिकच्या डोंगरावरून आणि रस्त्यांवरून आलेला पाऊस तलावानें पोटांत ठेवावयाचा. इतर तलाव भरले म्हणजे लोक संतोष मानतात. हा पावसापूर्वीं रिता असला तरच कामाचा!

पाण्याचा हिशेब असा चोख मांडला गेला, गाळाचा मात्र तितका नाहीं. दारें नादुरुस्त झालीं, भरतीबरोबर गाळ आंत आला, आणि गाळावर तिवरांचीं झाडें माजलीं. २००५ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें तिवरांच्या तोडीस मनाई केली. किनाऱ्याच्या दृष्टीनें ती इष्टच होती. पण तलाव उपसण्याचें काम त्यापायीं वर्षानुवर्षें परवानग्यांत अडकलें. इकडे तलाव उथळ होत गेले, आणि भरती व मुसळधार पाऊस एका वेळीं गांठ पडले कीं सखल वस्त्यांत पाणी तुंबूं लागलें.