ठेंगण्या वृक्षांचें औषधपाणी

इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया आणि तह आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. परंतु बुरशीसारख्या यःकश्चित् वस्तूनेंहि इतिहास घडविला आहे. १८४५ सालीं आयर्लंडांत बटाट्यावर करपा पडला आणि पुढील कांहीं वर्षांत सुमारें दहा लक्ष माणसें भुकेनें व तापानें मेलीं. त्या रोगावर तेव्हां कोणापाशींच औषध नव्हतें. श्रोतेहो, आज ज्या औषधांची हकीकत मी सांगणार आहें, तीं शेतकऱ्याच्या अशाच संकटांतून जन्मलीं आणि पुढें हातभर उंचीच्या बोन्साय वृक्षाच्याहि उपयोगीं पडलीं.

बोन्साय म्हणजे उथळ पात्रांत लावलेलें झाड. ही कला मूळची चीनची. जपाननें ती शतकानुशतकें जोपासली. १९२३ च्या भूकंपानें तोकिओची धूळधाण केली, तेव्हां तेथील कित्येक कसबी माळ्यांनीं ओमिया येथें जाऊन १९२५ सालीं बोन्सायचें गांवच वसविलें. शेतांतील एक वेल वाळला तर शंभर उरतात. परंतु अशा माळ्याच्या हातीं आजोबांनीं वाढविलेलें एकच झाड असतें. हिरोशिमाच्या यामाकी घराण्यांतील पांढरा पाइन १६२५ पासून कुंडींत वाढत होता. १९४५ च्या अणुबाँबमधून तो वांचला आणि १९७६ सालीं अमेरिकेला भेट म्हणून गेला. असें झाड दगावलें तर त्याच्या जागीं दुसरें कोठून आणावयाचें?

रोगाचें खरें कारण ओळखण्यासच फार काळ लागला. १८०७ सालीं प्रेव्हो या विद्वानानें गव्हाची काणी बुरशीपासून होते असें दाखविलें. तांब्याच्या अंशानें तिचे बीजकण रुजत नाहींत, हेंहि त्याला आढळलें. त्याकडे मात्र कोणीं फारसें लक्ष दिलें नाहीं. १८४५ मध्यें टकर नांवाच्या इंग्रज माळ्यानें द्राक्षावरील भुरी पाहिली. थोड्याच वर्षांत ती फ्रान्सभर पसरली. तेव्हां व्हर्सायच्या बागेंतील ग्रिझों या माळ्यानें चुना व गंधक एकत्र उकळून एक पाणी तयार केलें. चुना-गंधकाचें हेंच द्रावण आज बोन्सायवाल्यांच्या घरीं असतें. पानें गळालेल्या झाडाला हिवाळ्यांत तें पुष्कळ पाणी घालून लावतात. हवा लागली कीं त्यांतून गंधकाचे सूक्ष्म कण सालीवर राहतात. मुद्दाम सोलून ठेवलेल्या वाळक्या लाकडावर तेंच द्रावण दाट लावलें असतां लाकूड पांढरें होतें व कुजत नाहीं.

दुसरें औषध चोरांमुळें सांपडलें. बोर्दो प्रांतांत रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडण्याची चाल होती. निळसर डाग पाहून वाटसरूंनीं द्राक्षांना हात लावूं नये, हा हेतु. १८७८ सालीं अमेरिकेंतून केवडा रोग फ्रान्समध्यें शिरला होता. १८८२ मध्यें अध्यापक मिलार्दे यांच्या ध्यानांत आलें कीं, इतर वेली उघड्या पडल्या असतां या वेलींचीं पानें मात्र शाबूत आहेत. रसायनज्ञ गेयाँ यांच्या साहाय्यानें प्रयोग करून १८८५ सालीं त्यांनीं बोर्डो मिश्रण जगापुढें ठेवलें. नाशिकच्या द्राक्षबागाईतदारांना त्याची ओळख करून द्यावयास नको. मोरचुदाची आम्लता चुना मारतो, आणि पानावर बसलेलें तांबें रुजूं पाहणाऱ्या बीजकणास मारतें.

येथेंच या औषधांचें मर्म आहे. तीं पानाच्या बाहेर पहारा करतात. आंत शिरलेल्या शत्रूला हांकलूं शकत नाहींत. म्हणून डाग पडण्यापूर्वीं फवारणें हें रक्षण, आणि डागाळलेलीं पानें काढून जाळणें हा पहिला उपचार. १९६८ च्या सुमारास बेनोमिल हें झाडाच्या रसांत भिनणारें औषध आलें आणि उपचाराचें स्वप्न खरें झालेंसें वाटलें. परंतु थोड्याच वर्षांत कित्येक बुरशी त्याला दाद देईनाशा झाल्या; २००१ सालीं मूळ उत्पादकांनीं तें बंद केलें. म्हणून एकच औषध वारंवार न वापरतां तीं आलटून पालटून द्यावींत, असा नियम पडला.

प्रत्येक बुरशी वैरीहि नसते. पाइनची कुंडी बदलतांना मुळांभोवतीं पांढरें जाळें दिसलें तर जाणता माळी आनंदतो. तीच बुरशी मुळांना अन्नपाणी मिळवून देते. नवशिका मात्र घाबरून तिच्यावर विष ओततो. उलट, पाणी तुंबून मुळें कुजतात तेव्हां पुष्कळदां तें काम बुरशीसारख्या दिसणाऱ्या निराळ्याच जीवांचें असतें, आणि नेहमींचीं कांहीं औषधें त्यांना लागूच पडत नाहींत. तेथें निचऱ्याची माती हेंच खरें औषध.

आणखी एक गोष्ट. जुनिपर वृक्षावरील तांबेरा जवळच्या नासपतीच्या बागेंत उतरतो आणि तेथून पुन्हां जुनिपरवर येतो. म्हणून नासपतीच्या बागांजवळ असे जुनिपर लावण्यास जपानांत कांहीं ठिकाणीं निर्बंध आहेत. कुंडींतील झाड एकाचें असलें तरी त्याचा रोग एकट्याचा राहत नाहीं. शेतकऱ्याच्या दुःखांतून निघालेलें औषध बोन्सायवाल्याला मिळालें. त्यानें आपलें झाड निरोगी ठेवून शेजारच्या शेतकऱ्याची बाग राखावी, ही त्याची रास्त परतफेड होय.