बाहेरची टांग: दोन गुण की चार?

लाल मातीतील पारंपरिक कुस्तीला गुण ठाऊक नव्हते. पाठ टेकली की पराभव. न टेकल्यास कुस्ती लांबत जाई, नाहीतर बरोबरीत सोडवली जाई. महाराष्ट्र केसरी स्पर्धेत मात्र माती विभागही गुणांवर चालतो. त्याची झळ जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात सोलापूर जिल्ह्याच्याच दोन मल्लांच्या लढतीला लागली.

मोहोळचा सिकंदर शेख आणि मंगळवेढा तालुक्यातील महेंद्र गायकवाड. महेंद्रने बाहेरची टांग लावली आणि पंचांनी त्याला ४ गुण दिले. नियमानुसार उभ्या प्रतिस्पर्ध्याला खाली आणून ताबा मिळवल्यास २ गुण. मात्र त्याच डावात त्याची पाठ जमिनीकडे वळून ९० अंशांहून कमी कोनात आली, तर ती धोक्याची स्थिती आणि ४ गुण. सिकंदरची पाठ त्या कोनात गेली होती का, एवढाच वाद. चित्रफीत थांबवून पाहणाऱ्यांचेही त्यावर एकमत झाले नाही; पंचाला तर निर्णय क्षणात द्यावा लागतो.

महेंद्र अंतिम लढतीत पोहोचला. तेथे शिवराज राक्षेने त्याला चितपट केले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावला सिकंदरने शिवराजला झोळी डावावर अर्ध्या मिनिटाच्या आत अस्मान दाखवले. गुणफलकाकडे पाहण्याची वेळच आली नाही.