सैनिकाचें हृदय

मराठी भाषेनें भीतीचें घर शरीरांत बांधलें आहे. अकस्मात् वाईट वार्ता आली म्हणजे आमच्या छातींत धस्स होतें, पोटांत गोळा उठतो, हातपाय गळतात, तोंडचें पाणी पळतें. आणि ज्या नित्याच्या व्यथेस आम्ही काळजी म्हणतों, तो शब्द तर काळजाच्या अगदीं शेजारीं राहणारा आहे. भय मनाचें कीं देहाचें, हा वाद आमच्या बोलीनें कधीं घातलाच नाहीं. वैद्यकशास्त्रानें मात्र तो घातला, आणि तो शंभरांहून अधिक वर्षें चालला. आज ज्यांस चिंता-विकार म्हणतात त्यांच्या ज्ञानाचा इतिहास बऱ्याच अंशीं या वादाचाच इतिहास होय. आणि आश्चर्य असें कीं, त्याचें एक मोठें प्रकरण मनोविकारांच्या रुग्णालयांत नव्हे, तर रणांगणावरून परतलेल्या सैनिकांच्या छातीवर कान ठेवून लिहिलें गेलें.

अमेरिकेंतील यादवी युद्ध १८६१ पासून १८६५ पर्यंत चाललें. त्या काळांत फिलाडेल्फिया येथील एका लष्करी रुग्णालयांत जेकब मेंडिस डा कोस्टा हे डॉक्टर काम करीत असत. त्यांच्यापुढें एकाच तऱ्हेची तक्रार घेऊन सैनिक येऊं लागले. छाती धडधडते, डाव्या बाजूस कळ येते, थोड्या श्रमानें धाप लागते, घेरी येते, रात्रीं झोंप लागत नाहीं. डॉक्टरांनीं तपासावें, तों हृदयाच्या रचनेंत कांहींहि दोष सांपडूं नये! तीनशें रुग्णांच्या अवलोकनावरून त्यांनीं १८७१ सालीं आपला निबंध प्रसिद्ध केला व या विकारास ‘चिडखोर हृदय’ अशा अर्थाचें नांव दिलें. ताप, अतिसार आणि मोहिमेंतील दगदग यांनीं हृदय थकून हळवें झालें आहे, असें त्यांचें अनुमान होतें; विश्रांति व डिजिटॅलिस हा त्यांचा उपचार होता. इंग्लंडांत आर्थर मायर्स यांनीं १८७० सालींच सैनिकांच्या हृदयविकारांचा दोष गणवेशाच्या आवळ पट्ट्यांकडे लावला होता. ही अनुमानें आज अपुरीं वाटतात. परंतु डा कोस्टा यांची एक थोरवी विसरतां येत नाहीं. दोष सांपडला नाहीं एवढ्यावरून रुग्णास खोटा ठरविण्याची घाई त्यांनीं केली नाहीं.

त्याच १८७१ सालीं बर्लिन येथें कार्ल वेस्टफाल यांनीं निराळ्याच रुग्णांचें वर्णन केलें. शहरांतील मोकळा चौक ओलांडावयाचा म्हटला कीं या गृहस्थांस धडधड सुटे, कांपरें भरे, पाऊल पुढें पडेना. बरोबर कोणी सोबती असला, फार काय, हातांत एखादी काठी असली, तरी त्यांस धीर येई. वेस्टफाल यांनीं या भयास दिलेलें नांव मानसोपचारांत अद्यापि प्रचलित आहे. एकानें रोग्याची छाती पाहिली, दुसऱ्यानें त्याचें भय पाहिलें; आणि आमच्याकडील अंधगजन्यायाप्रमाणें दोघांच्या हातीं एकाच हत्तीचे दोन अवयव लागले. ते जोडण्यास पुढें फार काळ लागला.

जोडण्याचा एक मोठा प्रयत्न सिग्मंड फ्रॉइड यांनीं १८९५ सालीं केला. त्या काळीं सर्व प्रकारच्या थकव्यास व अस्वस्थतेस ‘मज्जातंतूंचें दौर्बल्य’ या एकाच गाठोड्यांत बांधीत असत. अमेरिकेंतील जॉर्ज बिअर्ड यांनीं १८६९ पासून तें नांव रूढ केलें होतें. फ्रॉइड यांनीं त्या गाठोड्यांतून चिंतेचा विकार निराळा काढला. आणि धडधड, धाप, घाम, कंप व घेरी हीं लक्षणें चिंतेचींच रूपें आहेत, इतकेंच नव्हे तर मनांत भीतीचा विचार स्पष्टपणें नसतांहि तीं उद्भवूं शकतात, असें दाखविलें. कामवासनेच्या अवरोधाची जी उपपत्ति त्यांनीं त्यास लावली ती पुढें १९२६ सालीं त्यांनीं स्वतःच बदलली. उपपत्ति गेली, परंतु निरीक्षण टिकलें.

पहिल्या महायुद्धांत हा प्रश्न पुनः छावणीच्या दारीं आला. ‘सैनिकाचें हृदय’ या नांवाखालीं इंग्रजी फौजेंतील हजारों तरुण निकामी होऊं लागले. टॉमस लूइस यांनीं त्यांचा अभ्यास करून १९१८ सालीं ग्रंथ लिहिला. बिछान्यावर पडून राहणें यांस मानवत नाहीं, उलट क्रमाक्रमानें वाढविलेली कवाईत मानवते, हें त्यांच्या कामांतून पुढें आलें. दुखण्याचें मूळ ते श्रमांत शोधीत होते, तरी उपचार नकळत योग्य दिशेस वळला होता. अखेर दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, १९४१ सालीं, पॉल वुड या हृदयरोगतज्ज्ञांनींच स्पष्ट निर्णय दिला कीं, हीं लक्षणें हृदयाचीं नव्हेत, श्रमाचींहि नव्हेत. तीं भावनेचीं, विशेषतः भयाचीं आहेत. हृदयाच्या वैद्यानें हृदय निर्दोष ठरविलें.

आतां वाद मिटला असें वाटावें. पण येथेंच नवा धोका उत्पन्न झाला. ‘हृदयांत कांहीं नाहीं’ याचा अर्थ लोकांनीं ‘कांहींच नाहीं’ असा केला. वस्तुतः भय हें कल्पनेंतील भूत नव्हे. भय वाटतांच मेंदूच्या आज्ञेनें अॅड्रिनलिन रक्तांत उतरतें, नाडी वेगानें चालते, श्वास वाढतो, स्नायू ताठतात. कुरुक्षेत्रावर अर्जुनाचें तोंड कोरडें पडलें, अंगास कंप सुटला, गांडीव हातांतून गळूं लागलें. तो भित्रा होता असें कोण म्हणेल? मन क्षुब्ध झालें म्हणजे देह साक्ष देतोच. विकार तेव्हां म्हणावयाचा, जेव्हां पुढें शत्रूहि नसतो, आणि तरीहि रणभेरी वाजतच राहते.

ती कां वाजत राहते, याचा एक धागा न्यूयॉर्क येथील हिलसाइड रुग्णालयांत सांपडला. १९६० च्या सुमारास डोनल्ड क्लाइन यांनीं कांहीं रुग्णांस इमिप्रमीन हें औषध दिलें. हे रुग्ण दिवसांतून अनेकदां, आपण आतां मरतों अशा भयानें, परिचारिकांकडे धांव घेत. कांहीं आठवड्यांनंतर ती धांव थांबली. पण एकट्यानें बाहेर जाण्याचें भय मात्र तसेंच राहिलें! यावरून क्लाइन यांनीं ताडलें कीं, भयाचा झटका एक आणि झटका येईल याची धास्ती दुसरी. १९८० सालीं अमेरिकन मानसोपचार-संघाच्या निदान-संहितेच्या तिसऱ्या आवृत्तींत जुन्या चिंता-विकाराचे दोन भाग करण्यांत आले: अकस्मात् येणारे झटके निराळे, आणि रात्रंदिवस पोखरणारी सर्वव्यापी चिंता निराळी. ही दुसरी चिंता सहा महिने, बहुतेक दिवस, आवरतां न येण्याजोगी असावी, असा आजचा दंडक आहे.

पुढें १९८६ सालीं डेव्हिड क्लार्क या इंग्रज मानसशास्त्रज्ञांनीं झटक्याचें चक्र उलगडून दाखविलें. छाती किंचित् धडधडते. माणूस म्हणतो, ‘हा हृदयाचा झटका!’, त्या विचारानें भय वाढतें, भयानें धडधड वाढते, आणि वाढलेली धडधड त्या विचारास पुरावा होते. देहाची तक्रार खरी, तिचा लावलेला अर्थ खोटा. शंभर वर्षांच्या वादाचें उत्तर या एका वाक्यांत आहे. म्हणूनच आजच्या उपचारांत रुग्णास कधीं मुद्दाम जोरानें श्वास घ्यावयास लावून तीच लक्षणें त्याच्या देखत उत्पन्न करतात, आणि ज्या जागा तो टाळतो त्या पायरीपायरीनें त्याच्याकडून ओलांडवितात. आवश्यक तेथें औषधेंहि देतात. मात्र १९६३ सालीं बाजारांत आलेल्या डायझेपामसारख्या गोळ्यांनीं तात्काळ आराम पडतो तसें त्यांचें व्यसनहि जडतें, हें पुढील अनुभवानें शिकविलें. म्हणून त्या थोडे दिवस व डॉक्टरांच्या देखरेखीखालींच घ्यावयाच्या असतात.

हा इतिहास आम्ही सांगितला तो केवळ परदेशच्या सैनिकांसाठीं नव्हे. आमच्या घरांतहि मध्यरात्रीं कोणी छाती धरून उठतो. धांवपळ होते, हृदयाचा आलेख निघतो, तो निर्दोष येतो. ही तपासणी अवश्य व्हावी. छातींतील कळ, थायरॉइडची वृद्धि यांचा निर्णय डॉक्टरांनींच करावा. परंतु आलेख निर्दोष आला कीं घरांत सुटकेचा निःश्वास निघतो आणि पाठोपाठ शब्द येतात, ‘तुला कांहीं झालेलें नाहीं, उगीच मनाला लावून घेतोस.’ दुसऱ्या खेपेस तो माणूस कोणास उठवीत नाहीं; अंधारांत एकटाच नाडी मोजीत बसतो. भारतांत २०१५-१६ सालीं १२ राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणांत असें आढळलें कीं, अशा सामान्य मनोविकारांनीं पीडित झालेल्या दर शंभरांतील सुमारें ८५ जणांस उपचार मिळतच नाहींत. त्यांतले कितीजण असे नाडी मोजीत बसले असतील!

डा कोस्टा यांस रोगाचें कारण कळलें नव्हतें, तरी रोग्याचें म्हणणें त्यांनीं ऐकून घेतलें. आज कारण पुष्कळसें कळलें आहे, उपायहि हातीं आहेत. उणें आहे तें त्या ऐकून घेण्याचें. ‘तुझें हृदय शाबूत आहे’ हें आश्वासन अर्धें सत्य होय. ‘आणि तुला होतें आहे तें खरें आहे, त्यावर उपाय आहे’ हें उरलेलें अर्धें आम्हीं त्याच श्वासांत उच्चारावयास शिकलें पाहिजे.