चाळीस लिटरचा समुद्र

मँटिस श्रिम्प हा प्राणी ना धड मँटिस, ना धड श्रिम्प. पुढचे पाय खंडोबाच्या किड्यासारखे दुमडलेले आणि अंग साधारण कोळंबीसारखं, म्हणून हे नाव. प्रत्यक्षात तो कोळंबीचा लांबचा नातेवाईक. १९९८ साली इंग्लंडात टायसन नावाच्या अशाच एका चार इंची महाशयांनी आपल्या टाकीची पाव इंच जाडीची काच फोडली होती! २००४ मध्ये शीला पटेक आणि सहकाऱ्यांनी हाय-स्पीड कॅमेऱ्याने या ठोशाचं मोजमाप केलं. वेग निघाला सेकंदाला २३ मीटरपर्यंत, म्हणजे ताशी ८० किलोमीटरच्या आसपास, आणि तोही पाण्यात. इतक्या वेगाने पाण्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात. ते फुटले की भक्ष्याला दुसरा तडाखा बसतो. एकावर एक फ्री :)

असा प्राणी घरात पाळणारे लोक आहेत, आणि त्यासाठी चाळीस लिटरची टाकीसुद्धा पुरते. पण समुद्र काचेत भरणं माणसाला जमलं कसं, ती गोष्ट मला ठोशाइतकीच भारी वाटते.

सुरुवात १८४६ पासून करू. ॲना थिन नावाच्या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. समुद्र लांब, आणि साठवलेलं पाणी खराब होणार. मग उपाय काय? उघड्या खिडकीपाशी उभं राहून पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहायचं. एका वेळी अर्धा ते पाऊण तास! हे काम अर्थातच त्यांची छोटी मोलकरीण करायची. आजच्या भाषेत, जगातला पहिला एअर पंप म्हणजे एक मुलगी. पुढे बाईंनी पाण्यात समुद्री शेवाळ ठेवलं आणि प्रवाळ तगून राहिले.

शेवाळाने नक्की काय केलं हे नीट मांडलं रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने. १८५० साली त्याने निबंध प्रसिद्ध केला. त्याची टाकी गोड्या पाण्याची होती : मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी. वनस्पती ऑक्सिजन देतात, मासे तो वापरतात, सडकी पानं गोगलगायी खातात. अगदी छान क्लोज्ड लूप. नंतर त्याने हाच प्रयोग समुद्राच्या पाण्यावर केला.

मग आले फिलिप हेन्री गॉस. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. १८५४ मध्ये त्यांचं 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि तो शब्द घरोघरी गेला. समुद्रापासून लांब राहणाऱ्यांसाठी त्यांनी कृत्रिम पाण्याची कृतीही दिली : साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड, पोटॅशियम क्लोराइड. ब्रिटनमधला काचेवरचा कर १८४५ मध्येच रद्द झाला होता, रेल्वे किनाऱ्यापर्यंत पोचली होती. झालं! मध्यमवर्गाला वेड लागलं. बादल्या आणि छिन्न्या घेऊन लोक किनाऱ्यावर तुटून पडले.

याची किंमत कोणी मोजली? खडकांमधल्या ओहोटीच्या डबक्यांनी. गॉसच्या मुलाने, एडमंडने, १९०७ च्या आत्मचरित्रात लिहिलं की वडिलांनी ज्या डबक्यांचं सौंदर्य लोकांना दाखवलं, तीच डबकी त्या लोकांनी ओरबाडून रिकामी केली. प्रेमापोटी झालेला विध्वंस. घरी नेलेले प्राणी बहुधा मरत, आणि १८६० च्या दशकात फॅशन ओसरली.

प्राणी मरत कारण लूपमधला एक घटक कोणालाच दिसत नव्हता : बॅक्टेरिया. प्राण्यांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो, आणि तो विषारी. बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे काम करणारे जीव विनोग्राडस्कीने १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखवले. मत्स्यपालनात ते ज्ञान झिरपायला पुढे काही दशकं गेली. १९६१ मध्ये जकार्त्याच्या ली चिन इंग यांनी आपली पद्धत लिहिली : समुद्रातले जिवंत खडक, हवेचे बुडबुडे आणि ऊन. बस्स. खडकांच्या छिद्रांमधले बॅक्टेरियाच फिल्टर होते.

आणि इथेच आपले ठोसेबाज एंट्री घेतात. पुढे 'लाइव्ह रॉक' जगभर विकला जाऊ लागला, आणि त्याच्या बिळांमधून मँटिस श्रिम्प फुकटात घरी येऊ लागले. रात्री टाकीतून टक टक आवाज, सकाळी खेकडा गायब. म्हणजे प्रॉडक्शनमध्ये शिरलेला बग! लोक त्यांना सापळे लावून पकडत. मग काहींना वाटलं, याला वेगळी टाकी देऊन बघू. बिळातून डोळे फिरवत आपल्याकडेच टक लावून बघणारा हा प्राणी त्यांना माशांपेक्षा जास्त आवडला. बग फीचर झाला, तो असा.

आजची कृती सोपी आहे. छोटी जात निवडायची, उदाहरणार्थ अमेरिकेच्या फ्लोरिडाकडची निओगोनोडॅक्टिलस वेनेरी, जी काच सहसा फोडत नाही. टायसनची जात मोठी, तिला मोठी टाकी लागते. पाण्याचं विशिष्ट गुरुत्व १.०२५, तापमान २५ अंशांच्या आसपास. बाष्पीभवनात पाणी उडतं, मीठ मागेच राहतं, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. राहायला खडकातलं बीळ किंवा पीव्हीसी पाइपचा तुकडा. कात टाकताना तो काही दिवस आत दडून बसतो, तेव्हा डिस्टर्ब करायचं नाही. शेजारी कोणी नको, कारण शेजारी म्हणजे जेवण. आणि सगळ्यात अवघड भाग : अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत, म्हणजे साधारण महिना-दीड महिना, टाकीत प्राणी सोडायचा नाही. नुसतं पाणी तपासत बसायचं.

खडक मात्र कुठला, हे विचारायलाच हवं. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहेत, आणि एक तुकडा उचलला तर काय बिघडतं, असं वाटू शकतं. गॉसच्या वाचकांनाही तेच वाटलं होतं. भारतात २००१ पासून खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत, ते उचलणं गुन्हा आहे. त्याची गरजही नाही. कोरडा किंवा कृत्रिम सच्छिद्र खडक, बाटलीतले बॅक्टेरिया आणि थोडा धीर, एवढ्यावर काम भागतं. वेळ जास्त लागतो, इतकंच. ॲना थिनबाईंच्या मोलकरणीने खिडकीपाशी दिला त्यापेक्षा आपला वेळ नक्कीच कमी जाईल.