मोटारगाडीचे तळलेपन
मोटारगाडीच्या पोलादी तळाचे गंजापासून संरक्षण करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या थरास तळलेपन किंवा अंडरबॉडी कोटिंग असे म्हणतात. पाणी व प्राणवायू यांच्या संयोगाने पोलाद गंजते आणि मिठामुळे ही क्रिया वेग घेते. त्यामुळे समुद्रकिनारी, तसेच बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या थंड देशांत गाड्यांचे तळ लवकर गंजतात.

प्रकार
डांबराचा किंवा रबरयुक्त लेप वाळल्यावर जाड थर धरतो व खडीचे आघात सोसतो. मेणाचा किंवा लोकरीपासून मिळणाऱ्या लॅनोलिनचा लेप मऊ राहून सांध्यांत झिरपतो. मात्र तो हळूहळू धुऊन जात असल्याने ठरावीक काळाने पुन्हा द्यावा लागतो.

जुन्या गाड्यांसाठी निवड
जुन्या गाडीच्या तळाला बहुधा आधीच गंज चढलेला असतो. त्यावर जाड थर दिल्यास तड्यांतून शिरलेला ओलावा आत अडकतो आणि पत्रा वरून धड दिसत असतानाच आतून सडतो. म्हणून अशा गाड्यांसाठी मऊ लेप अधिक सुरक्षित ठरतो. लेपनापूर्वी तळ धुऊन पूर्ण कोरडा करतात व सुटा गंज खरवडून काढतात. पाण्याच्या निचऱ्याची छिद्रे मोकळी ठेवतात. ब्रेकचे भाग आणि सायलेन्सर यांवर लेप देत नाहीत. गाडीचा भार पेलणारा भाग सडला असल्यास लेपाने त्याची मजबुती परत येत नाही. तेथे नवा पत्रा वेल्डिंगने जोडावा लागतो.